जोरदार धक्क्याच्या एकबारी शिकारी पिस्तुलावर स्कोप घट्ट बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या कुंडई औद्योगिक वसाहतीत माझी बरीच वर्षे टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर धाकट्या भावाकडे टेक्सासला दोन हिवाळे राहिलो. तिथे शेजारच्या गृहस्थांच्या पिस्तुलावरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, दर पाच-सहा बारांनंतर सुटत होता. बंदुकीतले मला फारसे कळत नव्हते, परंतु सुटणारा सांधा कळत होता, आणि त्यामुळे मी त्यात पडलो. तेव्हापासून भावाचे तिथले मराठी मित्र आणि इकडचे काही एअर रायफलवाले तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप.

प्रश्न: एकबारी शिकारी पिस्तूल म्हणजे नेमके काय?

एका वेळी एकच काडतूस घेणारे, लांब नळीचे आणि बहुधा रायफलचेच काडतूस उडवणारे पिस्तूल. या प्रकारातले सर्वांत परिचित नाव म्हणजे थॉम्पसन सेंटरचे काँटेंडर. वॉरेन सेंटर यांनी त्याची रचना केली आणि १९६७ मध्ये ते बाजारात आले. आपल्याकडच्या जुन्या एकनळीसारखे ते मध्ये मोडून उघडते आणि त्याची नळी बदलता येते. त्याआधी, १९६३ मध्ये, रेमिंग्टनने एक्सपी-१०० हे बोल्टचे, म्हणजे मागचा दांडा हाताने सरकवून काडतूस भरायचे, एकबारी पिस्तूल काढले होते. काँटेंडरनंतर आलेले एन्कोर अधिक दणकट असून .३०८ किंवा .३०-०६ यांसारखी पूर्ण ताकदीची काडतुसे पेलते. नळी साधारणतः १० ते १५ इंच लांब असते.

स्कोपच्या दृष्टीने यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. काँटेंडर आणि एन्कोर यांच्यावर स्कोप मुठीच्या भागावर नसतो, तो थेट नळीवर बसतो: नळीवर स्क्रूने बसवलेली पट्टी म्हणजे बेस, आणि तिच्यावर स्कोपला कवेत घेणारी कडी म्हणजे रिंगा. त्यामुळे नळी बदलली की तिच्याबरोबर तिचा स्कोपही जातो, आणि ती पुन्हा चढवली तरी नेम फारसा हलत नाही. जाणकार मंडळी प्रत्येक नळीला स्वतंत्र स्कोप ठेवतात ते याचसाठी, हौस म्हणून नव्हे.

प्रश्न: असे पिस्तूल गोव्यात वापरता येईल का?

शिकारीसाठी मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग ते म्हादई अभयारण्य असो वा घरामागची काजूची बाग. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरफार करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे कोणी विश्वासाने बंदूक घेऊन आला तरी मी तिला हात लावत नाही. पुढची पिस्तुलाची उत्तरे जिथे हा प्रकार कायदेशीर आहे तिथल्या लोकांसाठी आहेत. गोव्यातल्या वाचकाला त्यातले उपयोगी पडेल ते एअर रायफलच्या प्रश्नात स्वतंत्र दिले आहे.

प्रश्न: रायफलवर वर्षानुवर्षे टिकणारी जोडणी पिस्तुलावर का टिकत नाही?

कारण तेच काडतूस हलक्या शस्त्रात उडवले जाते. आपण .३०८ चे ठोकळ गणित मांडून पाहू. या काडतुसात नळीतला दाब शिखरावर असताना तो सुमारे ४०० मेगापास्कलपर्यंत जातो, आणि नळीच्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ४८ चौरस मिलिमीटर असते. दोन्हींचा गुणाकार केला की शस्त्राला मागे ढकलणारा जोर १९,००० न्यूटनच्या आसपास येतो. स्कोपसकट ३.६ किलोच्या रायफलला हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५४० पट प्रवेग देतो, तर २.२ किलोच्या पिस्तुलाला जवळजवळ ८८० पट.

आता २५० ग्रॅमचा स्कोप घ्या. त्या क्षणी त्याला बंदुकीबरोबर मागे खेचायचे तर रिंगांना रायफलवर सुमारे १३५ किलोचा आणि पिस्तुलावर सुमारे २२० किलोचा ओढा सहन करावा लागतो. पन्नास किलोच्या तांदळाच्या जवळजवळ साडेचार गोण्या, त्याही हळूच ठेवलेल्या नव्हेत, तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात झटक्याने आलेल्या. वर पिस्तूल खांद्याला टेकलेले नसल्याने मागे जाता जाता त्याचे तोंड झपकन वर उसळते, आणि तो तिरका झटकाही बेसच्या स्क्रूंवरच येतो.

या आकड्यांवरून एक गोष्ट लगेच लक्षात येते: स्कोपचे वजन निम्मे केले तर ओढाही निम्मा होतो. भारी स्कोप घेऊन मग त्याला धरून ठेवण्यासाठी भारी रिंगा शोधण्यापेक्षा हलका स्कोप घेणे केव्हाही शहाणपणाचे, परंतु दुकानात उभे राहिल्यावर हे कोणालाच पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: स्कोप पुढे सरकतो की मागे?

पुढे. बस एकदम सुटली की उभा प्रवासी मागे जातो असे आपल्याला वाटते. वास्तविक तो जागच्या जागी राहू पाहतो आणि बस त्याच्या पायांखालून पुढे जाते. इथे पिस्तूल मागे पळते आणि स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणून पिस्तुलाच्या हिशेबाने तो पुढे घसरतो.

हे नीट समजले की रिंग बसवतानाची एक चूक आपोआप टळते. बेसवर आडव्या खाचा असतात आणि रिंगचा आडवा बोल्ट त्या खाचेत बसतो. खाच बोल्टपेक्षा किंचित रुंद असते. रिंग आवळण्यापूर्वी ती बोटाने पुढच्या बाजूला, म्हणजे नळीच्या तोंडाकडे, दाबून बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवावा आणि तसाच धरून आवळावा. बोल्ट मध्ये किंवा मागे राहिला तर पहिल्याच बाराला रिंग तेवढे अंतर धावून भिंतीवर आदळते. वीव्हर पद्धतीच्या खाचेची रुंदी ०.१८० इंच आणि पिकाटिनीची ०.२०६ इंच असते. म्हणून वीव्हरची रिंग पिकाटिनी बेसवर चढते खरी, पण ही सैल जागा तिथे अधिक असते आणि रिंग पुढे दाबून घेण्याची गरजही तितकीच वाढते.

प्रश्न: रिंगा दोन पुरेत की तीन हव्यात?

.२२ सारख्या सौम्य काडतुसाला दोन पुरतात. .३०-३० च्या पुढे गेलात की तीन, आणि .४५-७० सारख्या काडतुसाला, स्कोपच्या नळीवर जागा असेल तर, चार घालाव्यात. ओहायोच्या एसएसके इंडस्ट्रीजचे जे. डी. जोन्स हे स्वतःच प्रचंड धक्क्याची काडतुसे तयार करत आणि त्यांच्यासाठी त्यांनी काढलेला टी-सॉब हा बेस तीन-चार रिंगा घेणारा होता. ज्या माणसाने दुखणे निर्माण केले त्यानेच औषधही दिले, असे म्हणायला हरकत नाही.

चतुर्थीला माटोळीवर नारळांचा घड बांधताना आपण दोरीची गाठ मारतो, पण भार गाठ धरत नाही, लाकडाभोवतीचे वळसे धरतात. रिंगांचेही तसेच आहे. स्कोपची नळी गुळगुळीत असते आणि रिंगेत तिला अडवणारी खाच किंवा खिटी नसते. तिला केवळ घर्षण धरून ठेवते. एक रिंग जास्त आवळून घर्षण वाढवायला गेलात तर नळी चेमटते. रिंगा वाढवल्या तर तेच काम प्रत्येकीवर कमी दाबाने होते. मात्र तिन्ही रिंगा एका रेषेत हव्यात. तिसरी रिंग केसभर जरी उंच असली तरी ती मदत करण्याऐवजी नळी वाकवते.

प्रश्न: बेसचे स्क्रू तुटतात. अधिक मजबूत स्क्रू घालावेत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो. स्क्रूने आडवा भार घ्यावा अशी अपेक्षाच मुळात करू नये. स्क्रूचे काम बेसला नळीवर दाबून धरण्याचे आहे. आडवा ओढा त्या दाबामुळे निर्माण झालेल्या घर्षणाने पेलायचा असतो. बेस आणि नळी यांची पृष्ठे एकमेकांना पूर्ण टेकलेली नसतील तर बेस प्रत्येक बाराला किंचित डुलतो, स्क्रू वाकतो आणि सुटा होतो, आणि शेवटी आट्यांच्या मुळाशी तुटतो. तुटका स्क्रू हातात घेऊन लोक स्क्रूला दोष देतात.

म्हणून आधी टेकण पाहावे. फिटर लोक दोन पृष्ठे जुळतात का हे पाहण्यासाठी निळा रंग वापरतात, तोच इथे उपयोगी पडतो. नळीवर बेस बसतो तेवढ्या भागाला निळ्याचा अगदी पातळ हात द्यावा, बेस ठेवून हलका दाबावा आणि उचलून खाली पाहावे. टेक्सासच्या त्या पिस्तुलावर निळा रंग बेसच्या केवळ दोन टोकांना, नखाएवढ्या दोन ठिपक्यांत उमटला होता. मधला सगळा भाग कोरडा. बेसची गोलाई नळीच्या गोलाईपेक्षा थोडी वेगळी होती, एवढेच. त्यावर कितीही मजबूत स्क्रू घातले असते तरी तो बेस दोन ठिपक्यांवरच नाचला असता.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, त्या नळीच्या व्यासाचा नेमका बेस मिळवणे. तो मिळाला नाही तर दुसरा, बेसखाली इपॉक्सीचा थर भरणे. त्यासाठी धातू मिसळलेले, सावकाश सुकणारे इपॉक्सी घ्यावे. घरगुती डिंकासारखे पटकन सुकणारे नको. बेसचा खालचा भाग बारीक पॉलिश पेपरने खरवडून आणि ॲसिटोनने पुसून त्यावर पातळ थर द्यावा, तर नळीवर मेणाचा हात फिरवावा, म्हणजे पुढे बेस काढायची वेळ आली तर तो सुटेल. स्क्रू नुसते टेकतील इतकेच फिरवावेत आणि पूर्ण सुकल्यावरच, दुसऱ्या दिवशी, टॉर्कने, म्हणजे पिळाचा जोर मोजून, आवळावेत. स्क्रूच्या छिद्रात इपॉक्सी जाऊ देऊ नये. मी पहिल्यांदा ते जाऊ दिले आणि नंतर ते आटे साफ करण्यात एक अख्खी दुपार घालवली; शेजारच्या गृहस्थांनी तेव्हा काही न बोलता नुसता चहा आणून ठेवला, तो अधिक लागला.

आता स्क्रूच्या आकाराविषयी. बहुतेक बेस ६-४८ स्क्रूने बसतात, म्हणजे बाहेरील व्यास ०.१३८ इंच आणि इंचाला ४८ आटे. टेकण सुधारूनही अडचण राहिली तर छिद्रे मोठी करून ८-४० स्क्रू घालतात. त्याचा व्यास ०.१६४ इंच असल्याने आट्यांच्या मुळाशी क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. परंतु हे काम बंदुकीच्या कारागिराकडेच द्यावे, कारण नळीच्या भिंतीत छिद्र किती खोल न्यायचे याचा अंदाज चुकला तर चूक सुधारता येत नाही.

स्क्रूची लांबीही तपासावी. छिद्राच्या तळाला टेकणारा स्क्रू हाताला घट्ट लागतो आणि बेस मात्र सैलच राहतो. उलट, आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवरच लोंबकळतो. बेस न ठेवता स्क्रू छिद्रात किती फेरे आत जातो ते मोजावे, बेस ठेवून पुन्हा मोजावे, आणि दोन्हींचा ताळा करावा. एक्सपी-१०० सारख्या बोल्टच्या पिस्तुलावर पुढचा स्क्रू आत डोकावून बोल्टला घासत नाही ना, हेही पाहावे.

प्रश्न: टॉर्क किती द्यावा?

बेस आणि रिंग यांच्या उत्पादकाने सांगितलेला आकडा प्रमाण मानावा. तो हाताशी नसेल तर ६-४८ च्या बेस स्क्रूला १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर, आणि रिंगच्या वरच्या टोपीच्या स्क्रूंनाही साधारण तेवढाच. रिंगच्या आडव्या बोल्टला मात्र याच्या दुपटीहून अधिक लागू शकतो आणि तो रिंगनुसार बराच बदलतो. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. आयुष्यभर पाने फिरवलेल्या माणसाचा हातही दुपारच्या जेवणानंतर वेगळा टॉर्क देतो.

टोपीचे स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे, पाव-पाव फेऱ्याने आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट फीलर गेजने सारखी ठेवावी. ती फट शेवटी राहिलीच पाहिजे. फट पूर्ण मिटली याचा अर्थ टोपी आता रिंगच्या खालच्या भागाला दाबत आहे, स्कोपला नव्हे.

प्रश्न: लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) निळे वापरावे की लाल?

बेसच्या स्क्रूंना निळे, एक थेंब, आणि तेही स्क्रू व छिद्र दोन्ही ॲसिटोनने तेलमुक्त केल्यानंतर. पूर्ण पकड यायला २४ तास लागतात. संध्याकाळी लावून सकाळी बार काढायला निघू नये. लाल सोडवण्यासाठी सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. ती वेळ आलीच तर आधी स्कोप काढावा आणि टॉर्चच्या ज्योतीऐवजी सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर धरावे. रिंगच्या टोपीच्या स्क्रूंना मी लॉकटाइट लावत नाही, कारण ओले असताना ते वंगणाचे काम करते आणि तेवढ्याच टॉर्कला रिंग अधिक आवळली जाऊन नळीवर वण उमटतो.

प्रश्न: रिंगेत चिकटपट्टी किंवा रबर घालावे का?

नाही. दोन्ही दबतात, आणि जे दबते ते सैल होते. पकड वाढवायचीच असेल तर राळ वापरावी. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच राळ बारीक कुटून, स्पिरिटमध्ये विरघळवून रिंगेच्या आतल्या बाजूला पातळ फासावी आणि वाळू द्यावी. टेक्सासमध्ये राळ मिळेना, तेव्हा भावाच्या मुलीच्या व्हायोलिनच्या पेटीतून तुकडा घेतला होता.

प्रश्न: रिंगांचे लॅपिंग (आतून घासून एका रेषेत आणणे) आवश्यक आहे का?

तीन किंवा अधिक रिंगा असतील तर बहुधा होय. एक इंच व्यासाचा सरळ पोलादी दांडा, त्यावर सुमारे २२० नंबरची पेस्ट, आणि संथ पुढे-मागे चाल. रिंगेच्या आत काळा लेप जाऊन सुमारे पाऊण भाग चमकला की थांबावे. पूर्ण चमक यावी म्हणून घासत बसलात तर रिंगच मोठी होते. नंतर पेस्टचा कण न कण पुसावा. ज्या रिंगांत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या असतात, त्यांचे लॅपिंग करू नये.

प्रश्न: रायफलचा स्कोप चालेल का?

कदापि नाही. रायफलच्या स्कोपमध्ये डोळा ३ ते ४ इंचांवर ठेवावा लागतो. पिस्तूल हात लांब करून धरतात आणि त्याच्या स्कोपला डोळ्याचे अंतर एक ते दोन फुटांच्या आसपास असावे लागते. रायफलचा स्कोप लावून चित्र दिसावे म्हणून कोणी पिस्तूल तोंडाजवळ आणले तर तो स्कोप भुवईवर येऊन आदळेल. मोठेपणाचा आकडा माफक असावा, २ किंवा ४ पट. आकडा वाढला की डोळा नेमक्या जागी ठेवण्याची मोकळीक कमी होते आणि हाताचा कंप अधिक दिसू लागतो.

प्रश्न: क्रॉसहेअर (स्कोपमधल्या नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) सरळ कसे करावे?

दारासमोर ओळंबा टांगावा, पिस्तूल शिकंज्यात सपाट धरावे आणि स्कोपमधून ओळंब्याच्या दोरीवर उभी रेघ जुळवावी. एवढ्या कामासाठी महागडे लेव्हलिंग किट नको. मोडून उघडणाऱ्या पिस्तुलात आणखी एक सोय आहे: रिकामे आहे याची दोनदा खात्री करून नळी उघडावी, नळीतून दूरची एखादी वस्तू मध्यभागी पाहावी आणि स्कोप त्याच वस्तूवर आणावा. पहिले काडतूस निदान पुठ्ठ्यावर तरी लागते.

प्रश्न: स्कोप सरकला, की आतूनच बिघडला, हे कसे ओळखावे?

नेलपॉलिशने. प्रत्येक रिंगेच्या कडेवरून स्कोपच्या नळीवर एक बारीक रेघ ओढावी, तशीच बेसवरून पिस्तुलाच्या नळीवर आणि स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर. दहा बारांनंतर भिंगाने पाहावे. रेघ तुटून सरकली तर कोणता सांधा सुटला ते तिथेच दिसते. सर्व रेघा अखंड आहेत आणि तरीही गोळ्या भटकत आहेत, तर संशय स्कोपवर घ्यावा: त्याच्या आतली स्प्रिंग बसली असेल किंवा रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेघांचा भाग, सैल झाले असेल. तसे असताना रिंगा आणखी आवळणे हा त्या बिचाऱ्या नळीवर अन्याय आहे.

प्रश्न: माझ्याकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे. तिलाही हेच लागू पडते का?

तत्त्व तेच, दिशा उलटी. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते. मग पिस्टन पुढच्या टोकाला थांबतो आणि रायफलला पुढे झटका बसतो. हा दुसरा झटका अधिक तीव्र असल्याने तिथे स्कोप मागे, डोळ्याकडे सरकतो. म्हणून अडवणारी खिटी असलेली रिंग मागे लावावी आणि ती खिटी रायफलवरच्या छिद्रात बसवावी. छिद्र नसेल तर खोबणीत वेगळा स्टॉप लावून मागच्या रिंगेला त्याच्यावर टेकवावे. स्कोप घेतानाही तो एअर रायफलसाठी असल्याची खात्री करावी. साधे स्कोप एका दिशेच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात आणि उलटा झटका बसला की त्यांची भिंगे सुटतात. माझ्या पुतण्याने असा एक स्कोप कानाशी धरून खुळखुळ्यासारखा वाजवून दाखवला होता.

प्रश्न: गोव्याच्या पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा बेस यांच्यामध्ये ओल राहिली की स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते आणि पुढे स्क्रू निघता निघत नाही. बाहेरून तेलाचा पातळ हात द्यावा, परंतु रिंग आणि नळी यांच्यामध्ये तेल शिरू देऊ नये. स्कोप फोमच्या बंद पेटीत ठेवू नये; फोम ओल धरतो आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावे, आणि त्याचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यावेत. मात्र तो तवा पुन्हा पोळ्यांसाठी वापरू नये. आमच्या घरी ते काम आता जुन्या, कान तुटलेल्या कढईकडे आहे.